खालून लागलेला पाऊस

वीज गेलीच आहे तर बसा सगळे इथे. गॅलरीचं दार लावून घ्या, पाणी आत येतंय. मेणबत्ती टेबलावर ठेवा, मधोमध. आणि तू, धाकटे, शोकेसमधला तो दगड आण बघू. पोकळ आहे ना, वाटीसारखा, तोच. दोन्ही हातांनी धर, कडा पातळ आहेत.

हा मला सरळगावात मिळाला. मुरबाडच्या पुढे, कल्याणहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर. शोधायला गेलो नव्हतो. त्या दिवशी जे जे मिळालं त्यातलं काहीच शोधायला गेलो नव्हतो, म्हणूनच सांगतो.

१९८४ चा जुलै. मी कल्याणला शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो. माझा मित्र शीळफाट्याकडच्या एका दगडखाणीवर मुकादम होता. डोंबिवलीत एकाच चाळीत, समोरासमोरच्या खोल्यांत आम्ही राहायचो. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला मुकादम. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण दगड असा ओळखायचा की घण मारायच्या आधी सांगायचा, हा कुठून फुटणार. ठरलं होतं एवढंच की रविवारी पहाटे स्कूटर काढायची, माळशेज घाटात धबधब्याखाली भिजायचं, गरम भजी खायची आणि दिवेलागणीला घरी.

निघालो. शहाड मागे टाकलं, म्हारळ, वरप, कांबा गेलं, रायत्याच्या पुलावर उल्हास नदी बघायला थांबलो. लाल, दुथडी भरून, नुसता घोंघाट. मुरबाड ओलांडलं आणि सरळगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी चढवली, पण पुढे घाट. पंक्चर काढून घेतल्याशिवाय जाणं बरं नव्हतं. सरळगावात पंक्चरवाला सापडला, त्याच्याकडे आधीच दोन ट्रकची चाकं पडलेली. तासभर तरी थांबा म्हणाला.

दुकानाच्या शेजारी रस्त्याच्या कामासाठी दगड टाकले होते. पावसानं धुतलेले, काळेकुळकुळीत. त्यातल्या काहींवर पांढरे ठिपके होते, साबुदाणा चिकटावा तसे. मुकादमानं एक नारळाएवढा उचलला, हातावर तोलला, आणि म्हणाला, "मास्तर, हा हलका आहे. पोटात काही नाही याच्या." दुसऱ्या दगडावर असा आपटला, नेमका. दोन शकलं झाली.

आता मेणबत्ती जवळ आण आणि आत बघ. दिसलं? ते फिकट नारिंगी, पीचसारख्या रंगाचं. नीट बघ, भाताची पेंढी मध्ये बांधली की दोन्ही बाजूंना कशी पसरते, तसा आकार आहे ना? प्रत्येक स्फटिक तसाच आहे, अगदी नखाएवढा असला तरी. त्याला म्हणतात स्टिल्बाइट. आणि त्या पेंढ्यांच्या मध्ये खडीसाखरेसारखे चौकोनी, पारदर्शक दाणे आहेत ते अपोफिलाइट. मेणबत्ती हलव, चमकतात बघ.

मी तिथे रस्त्यावरच उकिडवा बसलो. इतकी वर्षं मुलांना स्फटिक फळ्यावर काढून दाखवत होतो आणि हा साक्षात हातात. मुकादमाला काहीच नवल नाही. म्हणाला, "हा मांजऱ्या दगड. खाणीत हा लागला की मालकाचं तोंड उतरतं. खडी कच्ची निघते." वर्षानुवर्षं त्यानं असे शेकडो फुटताना बघितले होते आणि क्रशरमध्ये जाऊ दिले होते. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. पण मग मी त्याला विचारलं, हे आत कसं गेलं असेल? तो गप्प झाला. दगड कसा फोडायचा हे त्याला माहीत होतं, दगड झाला कसा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मला पुस्तकातलं माहीत होतं, दगड कधी हातात धरला नव्हता. त्या तासाभरात आम्ही दोघांनी एकमेकांना शिकवलं.

तर ऐका. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे ना कल्याण होतं, ना सह्याद्री. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून कारंजं, असं नाही. उतू गेलेलं दूध ओट्यावर पसरावं तसा पसरला. अकराशे अंशांच्या आसपास तापलेला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. त्यातला बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. आज त्यातलं जे उरलं आहे ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे, आणि पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. डायनोसॉर याच काळात संपले. काहींच्या मते मेक्सिकोजवळ कोसळलेल्या अशनीनं त्यांचा घात केला, काहींच्या मते आपल्या या लाव्हानंही हातभार लावला. तो वाद मोठा आहे, त्यावर एक वेगळी रात्र काढू.

लाव्ह्यात वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढलं की बुडबुडे वर येतात ना, तसे लाव्हा पृष्ठभागावर आला की त्यात बुडबुडे धरतात. ते वर चढतात, पण तेवढ्यात वरची साय घट्ट होते आणि बुडबुडे अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा जाळीदार, सच्छिद्र. मग त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपायला लागलं. त्या पाण्यात दगडातलेच क्षार विरघळलेले. पाणी निवत गेलं, क्षार भिंतीवर बसत गेले, कणाला कण चिकटत गेला. लहान बुडबुडा असेल तर तो पुरा भरून गेला आणि बाहेरून पांढरा ठिपका दिसू लागला. मोठा असेल तर मधे जागा राहिली आणि स्फटिकांना हातपाय पसरता आले. तुझ्या हातातली ही पोकळी म्हणजे लाव्ह्यातला एक बुडबुडा आहे. वायू केव्हाच निघून गेला, त्याचा आकार राहिला.

थांब, अजून एक. यातला छोटा तुकडा मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेला. परीक्षानळीत टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. थोड्या वेळात नळीच्या वरच्या, गार भागाला आतून पाण्याचे थेंब धरले. कोरडा ठणठणीत दगड, आणि पाणी! अख्खा वर्ग बाकांवरून उठून पुढे आला. स्टिल्बाइट ज्या कुळातलं त्याला झिओलाइट म्हणतात. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५६ साली हे नाव ठेवलं, ग्रीक शब्दांवरून, अर्थ 'उकळणारा दगड'. त्यानं तापवला तेव्हा फेसाळला म्हणून. या दगडाच्या आत, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत अशा बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात पाणी राहतं. तापवलं की जातं, गार करून ओल्या हवेत ठेवलं की पुन्हा भरतं. आज कारखान्यात झिओलाइट बनवतात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात, पाण्याचा जडपणा काढायला.

पंक्चर निघालं. दोन शकलं मी रुमालात गुंडाळून डिकीत ठेवली, आणि पुढे गेलो.

टोकावड्याच्या पुढे सह्याद्री एकदम अंगावर येतो. ढग थोडे वर उचलले होते आणि समोर भिंत उभी. तिच्यावरून पांढऱ्या रेघा ओढाव्यात तसे धबधबे. मुकादम स्कूटर बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, थर मोज." खरंच मोजता येत होते. उभा काळा कडा, मग गवताची हिरवी पट्टी, मग पुन्हा उभा कडा, पुन्हा पट्टी. एखाद्या राक्षसाच्या घराचा जिना. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, जाळीदार माथा झिजून उताराची पट्टी होते. या दगडांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. तो ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत 'त्रप्पा' म्हणजे जिना, त्यावरून आलेला शब्द.

कुठे कुठे दोन पायऱ्यांच्या मध्ये विटकरी रंगाचा पातळ थर दिसतो. खाणीवरचे लोक त्याला गेरू म्हणतात. एक लोंढा येऊन गेला, दुसरा यायला वेळ लागला, मधल्या काळात पावसानं आणि हवेनं वरचा दगड कुजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती त्याखाली भाजून निघाली. मी हे सांगितल्यावर मुकादम बराच वेळ त्या लाल पट्टीकडे बघत उभा राहिला. "म्हणजे मधे सुट्टी पडली होती तर," म्हणाला. इतकं चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. पुढे प्रत्येक वर्षी मी ते त्याच्या शब्दांत सांगितलं.

वैशाखरे आलं आणि तिथे गाड्यांची रांग. घाटात दरड आली होती. रस्ता मोकळा व्हायला संध्याकाळ होईल म्हणून सांगितलं. कडे असे उभे का आणि दरडी का कोसळतात, याचं उत्तर मुकादमाकडे होतं. तो म्हणाला, हा दगड उभा फुटतो. सुरुंगाचं भोक मारताना आधी उभी भेग बघावी लागते. का, ते मी सांगितलं. तळं आटलं की चिखल आकसतो आणि त्याला भेगा पडतात, चौकोनी, पंचकोनी, षटकोनी. लाव्हा थंड होताना तसाच आकसतो, पण भेगा वरून खाली जातात, थरभर. कुठे कुठे त्याचे खांबच होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली आहे ना तुम्ही? इमारतींच्या मधे उभी, सुमारे ६० मीटर उंच, सगळे खांब एकमेकांना चिकटलेले. तोच प्रकार. पावसाचं पाणी या भेगांत शिरतं, झाडांची मुळं शिरतात, आणि एक दिवस अख्खा खांब सुटून खाली येतो. मागे राहतो तो पुन्हा उभाच कडा.

भज्यांची गाडी तिथेही होती, तेवढी एक इच्छा पुरी झाली. भजी खाता खाता एक ठाकराचा पोरगा, बारा-तेरा वर्षांचा, डोक्यावर इरलं, जवळ आला. म्हणाला, "माळशेज बंद हाय तर नाणेघाटाला चला. वरतं पानी उलटं जातंय." मी हसलो नाही, पण मनात म्हटलं, पाणी उलटं कसं जाईल? विज्ञान शिकवणारा माणूस मी. मुकादम उठलासुद्धा होता.

नाणेघाटाची वाट वैशाखऱ्यापासून जवळच रस्त्यावरूनच फुटते. आधी रान, मग चढ, मग दगड रचून केलेल्या पायऱ्या, जुन्या, झिजलेल्या. अडीच-तीन तास चढलो. वाटेवर ओढे आडवे, मुलगा प्रत्येक ठिकाणी आधी काठी टेकवून मग आम्हाला बोलावत होता. शेवटी दोन कड्यांच्या मधली अरुंद खिंड, आणि बाहेर पडलो ते थेट पठारावर. शेजारी नानाचा अंगठा, डोंगरानं अंगठा उभा करावा तसा. आणि तिथे, कड्याच्या काठावर, पाऊस लागला तो खालून.

खालून! हनुवटीला, नाकपुड्यांना. मुकादमाची छत्री उलटी झाली ती सरळ झालीच नाही. मुलगा आम्हाला काठापासून लांब, एका दगडाच्या आडोशाला घेऊन गेला आणि म्हणाला, बघा. पठारावरचा एक ओढा वाहत कड्यापाशी येत होता, आणि कड्यावरून खाली उडी टाकल्याबरोबर त्याचं पाणी धुरासारखं उसळून परत वर येत होतं. आमच्या डोक्यावरून मागे जाऊन पठारावर पडत होतं, पुन्हा त्याच ओढ्याला मिळत होतं, पुन्हा कड्यापाशी येत होतं.

हो, गुरुत्वाकर्षण तिथेही आहे. चांगला प्रश्न आहे, आणि मीही तोच स्वतःला विचारत होतो. वारा पडला की क्षणभर पाणी मुकाट्यानं खाली जायचं. म्हणजे हे काम वाऱ्याचं. आता हिशोब बघा. पावसाचा थेंब कितीही उंचावरून पडला तरी हवा त्याला अडवते, आणि ठरावीक वेगापुढे तो जाऊ शकत नाही. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटर पडतो. पाच मिलिमीटरचा, म्हणजे चांगला टपोरा, सेकंदाला ९ मीटर. याहून फार मोठा थेंब टिकतच नाही, फुटतो. ९ मीटर म्हणजे तासाला ३२ किलोमीटर. वारा याहून जोरात वर चढला की एकही थेंब खाली पडू शकणार नाही. कोकणाच्या सपाटीवरून अरबी समुद्राचा वारा सुसाट येतो आणि समोर काय? आठशे मीटरच्या आसपास उंचीची उभी भिंत. डावीकडे जागा नाही, उजवीकडे नाही, तो वरच चढणार. त्यात ओढ्याचं पाणी कड्यावरून सुटलं की फुटून त्याचे थेंब होतात, आणि ते वाऱ्याच्या हाती सापडतात.

आणि हाच चढणारा वारा पाऊस पाडतो. हवा वर गेली की गार होते, किलोमीटरभर चढल्यावर ढगातली हवा साधारण ६ अंशांनी थंड होते, गार हवेत वाफ मावत नाही, तिचं पाणी होतं. घाटमाथ्यावर सगळं ओतून झालं की पलीकडे जुन्नरकडे वारा कोरडाच उतरतो. इकडे ओतलेलं पाणी कुठे जातं? माळशेजच्या बाजूनं काळू नदी निघते, टिटवाळ्याला वळसा घालते, उल्हासला मिळते आणि कल्याणच्या खाडीत येते. आत्ता गॅलरीच्या दाराला धडका देतोय तो पाऊस त्याच वाऱ्यातून आलाय.

मी तिथे उभा राहून थरथरत होतो, थंडीनं आणि आनंदानंही. एक दगड उभा फुटतो, म्हणून कडा उभा. कडा उभा, म्हणून वारा वर. वारा वर, म्हणून पाणी उलटं आणि पाऊस एवढा. सकाळी पंक्चरच्या दुकानाशेजारी जो दगड हातात घेतला होता त्याचंच हे सगळं करणं.

भिजून गारठलो म्हणून खिंडीतल्या गुहेत शिरलो. नुसती गुहा नाही, कोरलेली खोली, सरळ भिंती, बसायला दगडी बाक. कंदिलासारखा उजेड बाहेरून तिरपा येत होता आणि भिंतीवर अक्षरं दिसली. भिंतभर अक्षरं! ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा हा लेख, त्यात केलेले यज्ञ आणि दिलेलं दान नोंदलेलं आहे, गाई, घोडे, हत्ती, नाणी. मला त्या दिवशी एक अक्षर वाचता आलं नाही. पण मध्येच दोन आडव्या रेघा दिसल्या, एकीखाली एक. गणिताचा मास्तर मी, मला ओळखू आलं की हा आकडा असणार. पुढे वाचनालयात जाऊन शोधलं तेव्हा कळलं, भारतातले सगळ्यात जुने कोरलेले आकडे ज्या थोड्या ठिकाणी आहेत त्यांतलं हे एक, आणि भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात ते अभ्यासले. शून्य त्यात नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चारची खूण जोडायची. आपले मराठी आकडे आणि मोबाइलवरचे आकडे, दोन्ही या ब्राह्मी आकड्यांच्याच वंशातले.

इथे आकडे का, तर हा व्यापाराचा रस्ता. गलबतं कल्याणच्या बंदरात लागायची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं नाव आहे. माल बैलांवर लादून याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. म्हणजे सकाळपासून आम्ही स्कूटरवरून आलो तो रस्ता दोन हजार वर्षं वापरात होता.

मुकादम अक्षरांकडे बघत नव्हता. तो भिंतीवरून तळहात फिरवत होता, अक्षरांच्या खूप खाली, कोऱ्या दगडावर. म्हणाला, "एक बुडबुडा नाही मास्तर. सबंध खोली घट्ट दगडात काढली आहे. वरचा थर मांजऱ्या असणार, तो यांनी सोडला. यांना दगड कळत होता." मी पुस्तकात पुष्कळ शोधलं, लेण्यांबद्दल इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नाही. अंबरनाथचं शिवमंदिर बघायला गेलो होतो तेव्हाही तो असाच हात फिरवत हिंडला होता. शके ९८२, म्हणजे १०६० सालचं ते देऊळ, तेही याच काळ्या दगडाचं. ठाण्याला जाताना पारसिकचा बोगदा लागतो, १९१६ साली खुला झालेला, तोही यातूनच खोदलेला.

उतरायला अंधार झाला. मुलाच्या हातावर पैसे ठेवले तर घेईना, शेवटी मुकादमानं आपली उलटी झालेली छत्रीच त्याला दिली, काड्या सरळ करून. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तुमच्या आजीनं दार उघडलं आणि मी आधी रुमाल सोडून दगड दाखवला. ती म्हणाली, आधी अंग पुसा.

दुसरं शकल मुकादमाकडे होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत खाणीत पोकळ दगड फुटला की तो बाजूला काढून ठेवायचा आणि रविवारी माझ्याकडे आणायचा. पलंगाखालची लाकडी पेटी त्यानंच भरलेली आहे. उद्या दिवसा उजेडी उघडू.

आली बघा वीज. मेणबत्ती विझवा. आणि एक काम करा. आपल्या गेटाजवळ पाइपलाइनसाठी खडी आणून टाकली आहे. ठाणे जिल्ह्यातली खडी बहुतेक याच दगडाची असते. सकाळी पाऊस थांबला की खाली जा, पांढरे ठिपके असलेले खडे वेचा, नळाखाली धुवा आणि उन्हात धरून बघा. माझं भिंग टेबलाच्या वरच्या खणात आहे.